बाहेरून फोन मागवताय? ‘अनलॉक्ड आहे’ एवढं ऐकून हो म्हणू नका

दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात मला हमखास दोन-तीन फोन येतात, की अरे आमचा मुलगा अमेरिकेतून येतोय, तिकडे मोबाइल स्वस्त मिळतो म्हणे, अनलॉक्ड घ्यायचा एवढं माहितीये, बाकी काय बघायचं ते तू सांग. माझं काही मोबाइलचं दुकान नाहीये. राहतो मानपाड्याला, नोकरी ऐरोलीला, पण नातेवाइकांत मिळून चार फोन बाहेरून आले आणि त्यातल्या दोघांनी डोक्याला ताप दिला, त्यामुळे सगळ्यांना मीच आठवतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवेन.

सुरुवात नेरूळच्या आत्यापासून. आतेभावाने न्यू जर्सीहून तिच्यासाठी आयफोन १५ आणला, सोमवारी परत गेला आणि मंगळवारी सकाळी आत्याचा मला फोन, "अरे याच्यात सिम जातच नाहीये." मी रविवारी ट्रान्स हार्बर लोकलने नेरूळला गेलो तर डायनिंग टेबलवर नवा फोन, जुना फोन, आणि जुन्यातलं काढलेलं सिम हरवू नये म्हणून स्टीलच्या वाटीत झाकून ठेवलेलं. आत्याने बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून मला दाखवलं, "हे बघ, इथे भोक आहे, इथे दाबते तर ट्रे बाहेरच येत नाही." ते भोक माइकचं होतं! खालच्या बाजूला चार्जिंगच्या शेजारी असतात ना बारीक भोकं, त्यातल्या एकात दोन-तीन दिवस पिन टोचणं चालू होतं. माइक कसा वाचला देव जाणे. आणि ट्रे बाहेर येणार कुठून, त्या फोनला ट्रेच नव्हता. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकला जाणारा आयफोन फक्त ई-सिमचा असतो, म्हणजे सिम फोनच्या आतच बसवलेलं, बाहेरून सिम घालायला जागाच नाही. गूगलने पण अमेरिकेत पिक्सेल १० च्या बहुतेक मॉडेलमध्ये तेच केलंय. आणि आता हे फक्त अमेरिकेपुरतं राहिलेलं नाही, आयफोन १७ दुबईत, सौदीत, कतारमध्ये, जपानमध्ये, कॅनडात घेतलात तरी ट्रे नसतो, म्हणजे ‘दुबईचा घे, त्यात सिम जातं’ हा जुना सल्ला आता विसरा. आयफोन एअरला तर जगात कुठेच ट्रे नाही. उलट हाँगकाँगच्या बऱ्याच आयफोनमध्ये दोन-दोन सिमची जागा असते.

तो फोन अगदी व्यवस्थित अनलॉक्ड होता, आतेभाऊ काही फसला नव्हता. पण अनलॉक्ड म्हणजे इतकंच की तिकडच्या मोबाइल कंपनीने ‘फक्त आमचंच सिम चालेल’ असं कुलूप फोनला लावलेलं नाही. तो आपल्याकडे चालेल का हे तीन वेगळ्या गोष्टींवर ठरतं, सिम कोणत्या प्रकारचं, इकडचे बँड, म्हणजे कंपन्या ज्या लहरींवर नेटवर्क चालवतात ते पट्टे, फोनमध्ये आहेत का आणि इकडची कंपनी त्या फोनवर कॉल चालू देते का. दुकानदार यातलं काही सांगत नाही, त्याला विचारलं तर तो "यस यस, वर्ल्डवाइड" म्हणतो.

आधी कुलूपच बघू. अमेरिकेत बरेच फोन कंपनीच्या हप्त्यावर विकतात आणि हप्ते फिटेपर्यंत, किंवा ठरावीक दिवस होईपर्यंत, फोन लॉक असतो. वॉलमार्टमध्ये प्रीपेडचे स्वस्त फोन टांगलेले दिसतात ते बघून हुरळू नका, स्वस्त आहेत कारण लॉक आहेत. अॅपलच्या साइटवर घेताना कंपनी विचारतात तिथे ‘कनेक्ट टू एनी कॅरियर लेटर’ असा पर्याय असतो, तोच घ्यायचा आणि पूर्ण पैसे भरून घ्यायचा. बाकी देशांत हा त्रास कमी आहे, कॅनडात डिसेंबर २०१७ पासून, जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून नवीन फोन लॉक करून विकायला बंदी आहे. पण सेकंडहँड घेताय तर तिकडचा पण तपासा, तो त्याच्या आधीचा असू शकतो.

तपासायचं कसं? आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट मध्ये खाली जा, कॅरियर लॉकच्या पुढे ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ लिहिलेलं पाहिजे. दुसरं काहीही लिहिलेलं असेल तर फोन परत करा, तिथल्या तिथे. अँड्रॉइडमध्ये सगळ्यात सोपं म्हणजे आपलं इकडचं सिम तिकडेच त्यात घालून बघायचं, रोमिंगचा रिचार्ज नसला तरी चालेल, फोन अनलॉक पिन मागतोय का किंवा सिम चालणार नाही म्हणतोय का एवढंच बघायचंय. म्हणून जो माणूस आणणार आहे त्याने तिकडून निघायच्या किमान आठ दिवस आधी फोन घ्यावा, एअरपोर्टला जाता जाता नाही. परत द्यायची मुदत हातात असली की बरं असतं, इकडे आल्यावर ती मुदत असून नसल्यासारखी.

आणि इकडे कुणी म्हणालं की "लॉक आहे ना, आणा, चिप टाकून देतो", तर त्याच्या नादी लागू नका. सिमच्या खाली एक पातळ चिप चिकटवतात, आर-सिम म्हणतात त्याला, लॉक तसंच राहतं फक्त फोनला चकवतात, आणि एका अपडेटनंतर फोन पुन्हा मठ्ठ होतो. सेकंडहँड आयफोन संशय येण्याइतका स्वस्त मिळत असेल तर तो बहुतेक चिपवालाच असतो.

सॅमसंगचं अजून एक खुसपट आहे. काही देशांतल्या खोक्यावर स्टिकर असतो की हा फोन या या भागातल्या सिमवरच चालेल. घाबरायचं नाही, पण दुर्लक्ष पण नाही. त्याचा अर्थ असा की सुरुवातीला तिकडच्याच सिमवरून एकूण पाच मिनिटांच्या वर कॉल करून घ्यायचे, मग फोन जगभर मोकळा होतो. सीलबंद खोकं तसंच आणलं आणि इकडे उघडलं की बसा मग तिकडचं सिम शोधत. २०१३ च्या नोट ३ पासूनची ही भानगड आहे आणि अजून लोक त्यात अडकतात, कारण गिफ्ट द्यायचं तर सील कशाला फोडायचं असं आपल्याला वाटतं. फोडा.

आता बँड. हे थोडं कंटाळवाणं आहे पण खरी मेख इथेच आहे. आपल्याकडे ४जी मुख्यतः बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ वर चालतं, आणि ५जी ला एन७८ पाहिजेच पाहिजे (५जी च्या बँडच्या आकड्यापुढे एन लावतात), जिओ असेल तर एन२८ पण. अमेरिकेचे नेहमीचे बँड आहेत २, ४, १२, १३, ६६, ७१, यातला एकही आपल्याकडच्या यादीत नाही. महागड्या आयफोनमध्ये आणि सॅमसंगच्या एस सिरीजमध्ये जगभरचे बँड ठासून भरलेले असतात त्यामुळे तिथे चिंता कमी. पण मधल्या किमतीचे अँड्रॉइड फोन तिकडच्या बाजारासाठी बनवलेले असतात आणि त्यात बरेचदा ४० गायब असतो. मग होतं काय की फोन लागतो, रेंजच्या कांड्या दिसतात, तुम्ही खूश, आणि संध्याकाळी सात वाजता ठाणे स्टेशनात सगळं जग नेट वापरत असतं तेव्हा तुमचा फोन गोल गोल फिरत बसतो, कारण गर्दीचा भार घ्यायला कंपनीने जो बँड ठेवलाय तोच तुमच्याकडे नाही.

अजून एक गोष्ट आपल्या भागातल्या लोकांनी लक्षात ठेवायची. ठाणे आणि नवी मुंबई टेलिकॉमच्या हिशेबात मुंबई सर्कलमध्ये येतात, बाकी राज्य महाराष्ट्र सर्कलमध्ये, आणि दोन्हीकडे कंपन्यांकडचे बँड सारखेच असतात असं नाही. त्यामुळे घोडबंदरला मस्त पळणारा फोन गणपतीत कोकणात गेल्यावर मान टाकू शकतो. तिथे टॉवर लांब लांब, दूरपर्यंत आणि भिंतीतून आत पोचणारे बँड म्हणजे खालचे, ५, ८ आणि २८, तेच फोनमध्ये नसले तर पडवीत येऊन हात वर करून बोलायचं. गावी म्हातारे आईवडील असतील आणि फोन त्यांच्यासाठी घेताय तर हे आधी बघा.

बघायचं कसं तर मॉडेल नंबर घ्यायचा, नुसतं नाव नाही. एकाच नावाच्या फोनची तीन-चार भावंडं असतात. सॅमसंग एस२४ अल्ट्राचं उदाहरण घ्या, एस९२८ च्या पुढे बी असेल तर तो आपल्याकडे विकतात तो, यू असेल तर अमेरिकन कंपनीचा, यू१ असेल तर अमेरिकेचा अनलॉक्ड. आयफोनला अबाउटमध्ये मॉडेल नंबरच्या शेवटी अक्षरं असतात, एचएन म्हणजे भारताचा, एलएल म्हणजे अमेरिकेचा, जे म्हणजे जपानचा, सीएच म्हणजे चीनचा. आणि सुरुवातीचं अक्षर एम असेल तर नवा, एफ असेल तर रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेला, हे ‘एकदम नवा आहे’ म्हणून विकणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारायला बरं पडतं. मॉडेल नंबर हातात आला की जीएसएमअरीना या वेबसाइटवर टाकायचा, बँडची यादी येते, वरच्या आकड्यांशी ताडून बघायची. दहा मिनिटांचं काम आहे. हे बघण्याआधी पैसे पाठवू नका.

अमेरिकन आयफोन १२ ते १५ पैकी असेल तर उजव्या कडेला बटणाच्या खाली एक लांबट गोल खिडकी दिसते, बऱ्याच जणांना ते फिंगरप्रिंट वाटतं. ते तिकडच्या वेगळ्या वेगवान ५जी चं अँटेना आहे, आपल्याला काही उपयोग नाही. तिकडचा फोन दुरून ओळखायची खूण म्हणून मात्र उत्तम.

आता तिसरी गोष्ट, कॉलची. माझ्या दुसऱ्या तापाचं कारण हेच. मित्राने तिकडून एक अँड्रॉइड आणून दिला, बँड मी स्वतः तपासलेले, सगळे होते, नेट झकास. पण कॉल लावला की लागायचाच नाही. झालं असं की जिओकडे २जी-३जी कधी नव्हतंच, २०१६ ला सुरू झाले तेच थेट ४जी वर, त्यामुळे तिथे कॉल म्हणजे व्होल्टे, ४जी वरूनच होणारा कॉल. आणि व्होल्टे हे नुसतं फोनमध्ये असून चालत नाही, त्या मॉडेलमध्ये आपल्या कंपनीची सेटिंग आलेली असावी लागते, फोन बनवणाऱ्याने भारतात तो विकलाच नसेल तर ती बरेचदा नसते. एअरटेल किंवा व्हीआयच्या सिमवर असा फोन कॉलच्या वेळी २जी वर उतरतो, म्हणजे कॉल होतो पण बोलता बोलता नेट बंद. जिओवर ती पळवाट पण नाही. पिक्सेल ६ आपल्याकडे अधिकृतपणे आलाच नव्हता, ज्यांनी हौसेने बाहेरून आणला त्यांनी हे सगळं भोगलंय.

यावर साधा नियम करून टाका, जे मॉडेल भारतात विकलं जात नाही ते आणायचं नाही. कितीही सुंदर असलं तरी. आयफोनला हा त्रास नाही, तिकडून घेतलेल्या आयफोनवर सिम टाकलं की इकडच्या कंपनीची सेटिंग आपोआप येते. पण तिथे पण गंमत झालेली आहे, ५जी आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, आयफोनमध्ये सगळे बँड होते, तरी डिसेंबरात आयओएस १६.२ येईपर्यंत चालू झालं नाही. म्हणजे हार्डवेअर असलं तरी परवानगी लागतेच.

परत आत्याकडे. सिमचं ई-सिम करून घ्यायचं तर जिओ, एअरटेल, व्हीआय तिघांकडे होतं, अॅपवरून किंवा एसएमएसवरून. फोनचा बत्तीस आकडी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) आणि आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) लागू शकतो, स्टार हॅश झिरो सिक्स हॅश दाबलं की येतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा. नंबरला रजिस्टर केलेला ईमेल चालू आहे ना तो आधी बघा, आत्याचा ईमेल आतेभावाने कॉलेजात असताना काढलेला आणि पासवर्ड कुणालाच आठवेना, त्यात आमचे दोन तास गेले. घरी वायफाय हवं आणि क्यूआर कोड दाखवायला दुसरी स्क्रीन हवी, ज्या फोनवर कोड आलाय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सिम बदललं की पुढचे २४ तास एसएमएस बंद राहतात, फसवणूक होऊ नये म्हणून सरकारनेच तसं केलंय. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. आत्याला त्याच दिवशी लाइट बिल भरायचं होतं. त्यामुळे हा कार्यक्रम अशा दिवशी करा जेव्हा पैशाचं काही अडलेलं नाही. आणि कंपनीतून बोलतोय म्हणून कुणी क्यूआर किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

पैशाचं बोलू, कारण सगळी धडपड त्यासाठीच. डॉलर ९० रुपये धरून हिशेब करतो, तुम्ही त्या दिवशीचा भाव घाला. साधा आयफोन १७ तिकडे ७९९ डॉलर आणि इकडे ८२,९००. वाटतं की ७२ हजारांत आला. पण अमेरिकेत पाटीवरच्या किमतीत टॅक्स नसतो, न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के लावला की ७६,७०० च्या आसपास. आपल्या कार्डाने घेतला तर परकीय चलनाचा साधारण साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी, झाले ८० हजार. उरले तीन हजार, तेवढी तर इकडे बँकेची ऑफर मिळते, वर सिमचा ट्रे पण मिळतो. आयफोन १७ प्रो मात्र १,०९९ डॉलर आणि इकडे १,३४,९००, तिथे टॅक्स आणि कार्ड धरून पण २५ हजारांचा फरक पडतो. म्हणजे महाग मॉडेललाच काय तो अर्थ आहे. ओरेगन किंवा डेलावेअरला कुणी असेल तर तिथे सेल्स टॅक्सच नाही, भाग्यवान. दुबईत ५ टक्के व्हॅट एअरपोर्टवर बराचसा परत मिळतो, सिंगापूरला जीएसटी परत मिळतो, पण लंडनला पाहुण्यांना व्हॅट परत द्यायचं २०२० च्या शेवटी बंद झालं, तिकडून आणायच्या भानगडीत पडू नका.

मग कस्टम्स. विमान मुंबईत सहारला उतरो नाहीतर उद्या नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर उलव्याला, नियम तोच. ड्युटी-फ्री मर्यादा बरीच वर्षं ५०,००० होती, फेब्रुवारी २०२६ पासून ७५,००० झाली. त्याच्या वर जितकी किंमत तितक्यावर ड्युटी, आणि ती किरकोळ नाही, बॅगेजचा दर सेस धरून ३८.५ टक्के असा चालत आलाय. लॅपटॉपची वेगळी सूट असते ती मोबाइलला नाही. वरचा प्रो इकडच्यापेक्षा स्वस्त पडतो खरा, पण टॅक्सासकट १,०५,००० चं बिल असेल तर ३० हजारांवर ड्युटी, साडेअकरा हजार गेले, २५ तले राहिले तेरा-चौदा. आणि मर्यादेत फोन आणणाऱ्या मावशीने आणलेल्या साड्या नि चॉकलेटं पण मोजतात. नवरा-बायको एकत्र आले म्हणून दोघांचे मिळून दीड लाख असं होत नाही, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. बिल जवळ ठेवा आणि मर्यादेच्या वर जात असेल तर रेड चॅनलला जाऊन सरळ भरा. कुरियरने तर अजिबात मागवू नका, गिफ्ट म्हणून पाठवलं तरी सूट नाही, आणि फोन चेक-इन बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत आणा.

वॉरंटीचं थोडक्यात. अॅपल बाहेरच्या फोनची वॉरंटी इकडे बहुतेक वेळा मानतं पण जे मॉडेल इकडे विकत नाहीत त्याचा पार्ट मिळायला रखडपट्टी होऊ शकते. बाकी कंपन्यांची वॉरंटी बहुधा ज्या देशात घेतला तिथलीच. चीनमधला अँड्रॉइड फोन आणाल तर त्यात बहुधा गूगलचं प्ले स्टोअर नसतं, जपानमधल्या बऱ्याच फोनचा कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही, देवळात आरती चालू असताना खटॅक खटॅक. चार्जरचं टेन्शन घेऊ नका, मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असलं की झालं, पिन बसत नसेल तर स्टेशनबाहेर अॅडॉप्टर मिळतो.

सेकंडहँड असेल तर केवायएम, एक स्पेस आणि आयएमईआय असं टाइप करून १४४२२ ला एसएमएस करा, तो नंबर खरा आहे का आणि ब्लॉक केलेला आहे का ते कळतं.

फोन आल्यावर पहिला आठवडा जुना फोन कुणाला देऊन टाकू नका. घरात, लिफ्टमध्ये, ऑफिसात, ट्रेनमध्ये कॉल करून बघा आणि कॉल चालू असताना वर ४जी-५जी दिसतंय की त्याच्या जागी दुसरंच काही येतंय ते बघा. फक्त पारसिकच्या बोगद्यात रेंज गेली म्हणून नव्या फोनला शिव्या देऊ नका, तिथे सगळ्यांचीच जाते.

आणि पुढे विकायचा विचार असेल तर हे पण धरा. मी मागच्या वर्षी एक एलएल मॉडेल विकायला काढला तर वाशीहून आलेल्या मुलाने फोन हातात घेऊन आधी डावी कड बघितली, मग उजवी, आणि म्हणाला, "दादा, ट्रे नाहीये ना, मग पाच कमी करा." पाच म्हणजे पाच हजार. तीनवर सौदा झाला.